या मुलीचा दिवस कसा जातो?

अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणीचं पथक येतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची ही पथकं. पालघरला ६ फेब्रुवारी २०१३ रोजी हा कार्यक्रम सुरू झाला आणि जन्मापासून अठराव्या वर्षापर्यंतची मुलं त्यात येतात. एखाद्या मुलाची वाढ मागे वाटली, की पथकातले डॉक्टर पुढच्या तपासणीची चिठ्ठी देतात. योजनेत त्यासाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची तरतूद आहे. वर्धा जिल्ह्यातल्या आष्टी, कारंजा किंवा समुद्रपूरकडच्या आईबापांसाठी ही चिठ्ठी म्हणजे एसटीचा प्रवास, बुडालेली मजुरी आणि वाटभर मनात घोळणारा एकच प्रश्न: दिव्यांगत्वाचे टक्के किती निघतील?

प्रश्न रास्त आहे. दिव्यांग हक्कांच्या २०१६च्या कायद्यात २१ प्रकार नोंदले आहेत आणि बऱ्याच सवलतींना किमान ४० टक्क्यांची अट आहे. पण प्रमाणपत्राचे टक्के ही एक गोष्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टने, म्हणजे व्यवसायोपचार तज्ज्ञाने, केलेलं मूल्यमापन ही दुसरी. टक्के सांगतात की अडचण किती आहे. थेरपिस्ट शोधतो की मुलाला दिवसभरात काय काय करायचं असतं, त्यातलं कुठे अडतं आणि का अडतं. या 'का'मध्येच सगळं आहे.

समजा, पाच वर्षांची एक मुलगी आहे. आईची तक्रार साधी: हाताने जेवत नाही, सगळं सांडते. थेरपिस्ट तिला खाली बसवतो आणि पुढ्यात वरणभाताची ताटली ठेवतो. आईला एकच विनंती: मदत करू नका. मुलगी मांडी घालते, पण एक हात जमिनीवर टेकवूनच बसते. तो हात उचलला की ती कलते. याचा अर्थ अडचण बोटांत नसून धडात असू शकते. पाठीला आधार देऊन पुन्हा घास घ्यायला लावलं आणि सांडणं कमी झालं, तर शंका पक्की होते. दुसऱ्या एखाद्या मुलीचं बसणं अगदी स्थिर असेल, पण मनगट आत वळलेलं आणि अंगठा मुठीत अडकलेला असेल; तिथे स्नायूंचा ताठरपणा तपासावा लागतो. तिसरी भाताला बोटही लावणार नाही, कोरडी भाकर मात्र सहज मोडून खाईल. तिच्या हातात ताकद आहे, ओला चिकट स्पर्श तिला सहन होत नाही. चौथीला कदाचित ताटच नीट दिसत नसेल. चौघींच्या आया सांगतात ते एकच, उपचार मात्र चार वेगळे. 'हाताचे व्यायाम करा' एवढं सांगून चौघींना परत पाठवणं हा अन्याय आहे.

म्हणून आधी बरंच बोलणं होतं. मूल जन्मल्यावर लगेच रडलं का, पेटीत ठेवावं लागलं का, मान कधी धरली, बसलं कधी? मूल दिवस भरण्याआधी जन्मलं असेल, तर पहिली दोन वर्षं तेवढे आठवडे वयातून वजा करून वाढ पाहतात; नाहीतर धडधाकट मूलही मागे दिसतं. मग खेळ सुरू होतो. जमिनीवरचा चणा अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत उचलणं साधारण नऊ महिने ते वर्षाच्या दरम्यान जमू लागतं. मणी ओवणं, बटण लावणं, चप्पल घालणं, शौचाला उकिडवं बसून पुन्हा उठणं, वहीच्या ओळीत अक्षर बसवणं, हे सगळं वयानुसार पाहिलं जातं.

सोबत प्रमाणित चाचण्याही असतात. त्यातल्या एकीचा संबंध आपल्या विदर्भाशी आहे. व्हाइनलँड ही मूळ अमेरिकी चाचणी डॉ. मालिन यांनी नागपुरात भारतीय मुलांसाठी बेतली. जन्मापासून पंधरा वर्षांपर्यंतची ८९ कामं तिच्यात आहेत, आणि मानसशास्त्रज्ञ आजही तिला नागपूर रूपांतर म्हणूनच ओळखतात. ज्या घरात जेवण जमिनीवर बसून होतं, तिथल्या मुलाला काट्या-चमच्याच्या प्रश्नांवर तोलणं चूकच. चाचणी मुलाच्या घराशी जुळली पाहिजे.

हातांना एवढं महत्त्व देणं वर्ध्याला परकं नाही. ऑक्टोबर १९३७मध्ये इथेच भरलेल्या शिक्षण परिषदेत हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला गेला आणि तो नयी तालीम म्हणून सेवाग्रामात रुजला. टकळीवर सूत काढणारं मूल एका हाताने टकळी फिरवतं आणि दुसऱ्या हाताने पेळूतून धागा ओढतं. दोन हात, दोन वेगळी कामं, नजर दोन्हींवर. थेरपिस्टला मुलाबद्दल जे जाणून घ्यायचं असतं, त्यातलं कितीतरी इथे पाच मिनिटांत दिसतं. व्यवसायोपचाराचं आपल्याकडचं पहिलं शिक्षण १९५०मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झालं, ते कमलाबाई निंबकर यांच्यामुळे. त्या मूळच्या अमेरिकी, लग्नानंतर इथल्याच झाल्या. पुढे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही हा अभ्यासक्रम आला.

मला स्वतःला वाटतं, की मूल्यमापनाचा निदान एक भाग अंगणवाडीत व्हायला हवा. पहाटेची एसटी पकडून आलेलं, उपाशी आणि अनोळखी खोलीत बिथरलेलं मूल आपल्याला जमतं तेही करून दाखवत नाही. अंगणवाडी सेविका त्याला रोज पाहते. कुणाबरोबर खेळतं, आहार कसा खातं, कधी कान झाकून घेतं, हे तिला ठाऊक असतं. तिचं म्हणणं अहवालात आलंच पाहिजे.

तोवर पालकांनी काही गोष्टी कराव्यात. मुलाला खाऊ घालून न्यावं. त्याची वही, रोजचा डबा, रोजच्याच चपला सोबत घ्याव्यात. घरी जेवतानाचा, कपडे घालतानाचा लहानसा व्हिडिओ मोबाईलवर असू द्यावा. तपासणीच्या खोलीत जे घडत नाही, ते त्यात दिसतं. आपण भरवतो हे सांगायला लाजू नये, आणि मूल करतं त्यापेक्षा जास्तही सांगू नये. निघताना तीन गोष्टी लिहून मागाव्यात: अडचणीचं कारण काय वाटतं, पुढच्या काही महिन्यांत नेमकं कोणतं एक काम जमवायचं आहे, आणि ते घरी कोणी, केव्हा, कसं करून घ्यायचं. 'सुधारणा अपेक्षित' एवढंच लिहिलं असेल तर तिथेच थांबून पुन्हा विचारावं. 'तीन महिन्यांत पाठीला आधार देऊन पाच घास स्वतः घेईल' असं लिहिलं असेल, तर तो कागद अंगणवाडीतही दाखवावा आणि पुढच्या तारखेला परत न्यावा.