इंग्रजी कोशांतील भूतशब्द

ज्याला धातू नाही, व्युत्पत्ती नाही आणि जो कोणाही भाषिकाच्या तोंडी कधी नव्हता, असा एखादा शब्द केवळ लेखनिकाच्या वा मुद्रकाच्या प्रमादामुळे जन्मास येतो व कोशात स्थान मिळवितो. अशा शब्दास इंग्रजीत ‘घोस्ट वर्ड’ म्हणतात; मराठीत त्यास ‘भूतशब्द’ म्हणता येईल. केंब्रिज येथील अँग्लो-सॅक्सनचे प्राध्यापक वॉल्टर स्कीट यांनी १८८६ मध्ये फिलॉलॉजिकल सोसायटीपुढील अध्यक्षीय भाषणात ही संज्ञा प्रथम योजिली.

स्कीट यांच्या उदाहरणांपैकी एकाचा संबंध हिंदुस्थानाशी येतो. ‘एडिंबरो रिव्ह्यू’च्या १८०८ मधील एका लेखात हिंदूंच्या देहदंडाच्या प्रथांचे वर्णन करताना, काही लोक हातांतून ‘काइम्स’ आरपार घालतात, असे छापले गेले. हे नाव कोणत्याही हिंदुस्थानी हत्याराचे नव्हते. ‘नाइव्ह्ज’ म्हणजे सुऱ्या, या शब्दाचा तो मुद्रणदोष होता. रोमन लिपीत हे दोन शब्द बरेचसे सारखे दिसतात.

‘ॲबकॉट’ या शब्दाची कथा अधिक बोधप्रद आहे. ‘बायकॉकेट’ हे एका प्रकारच्या टोपीचे नाव. त्यामागील ‘अ’ हे उपपद त्यास चिकटले, पुढे अक्षरे बदलत गेली आणि सोळाव्या शतकातील बखरकारांच्या ग्रंथांतून ‘ॲबकॉट’ हे रूप निघाले. इंग्लंडच्या राजांचा दुहेरी मुकुट, असा त्याचा अर्थही ठरला. एका कोशकाराने दुसऱ्याचे पाहून तो उतरवून घेतला. ऑक्सफर्ड कोशाचे संपादक जेम्स मरे यांनी १८८२ मध्ये हा भ्रम उघडकीस आणला.

विसाव्या शतकातील काटेकोर संपादनही यातून सुटले नाही. वेब्स्टरच्या बृहत्कोशाची दुसरी आवृत्ती १९३४ मध्ये निघाली. तिच्यासाठी रसायनशास्त्राच्या संपादकांनी १९३१ मध्ये एक चिठ्ठी दिली होती. ‘डेन्सिटी’ म्हणजे घनता, या शब्दाच्या संक्षेपासाठी मोठा अथवा लहान ‘डी’ वापरतात, एवढाच तिचा आशय. ‘डी ऑर डी’ अशी ती नोंद संक्षेपांच्या यादीत जावयाची, ती शब्दांच्या चिठ्ठ्यांत मिसळली. चार रोमन अक्षरे सलग वाचली गेली आणि ‘डॉर्ड’ हा शब्द सिद्ध झाला. त्यास उच्चार मिळाला, नाम ही शब्दजाती मिळाली, घनता हा अर्थ मिळाला. व्युत्पत्ती मात्र मिळाली नाही. त्या उणिवेमुळेच १९३९ मध्ये तो एका संपादकाच्या नजरेस आला व पुढे वगळण्यात आला.

परंतु प्रमादातून जन्मलेला प्रत्येक शब्द असा लोपत नाही. ‘सिलॅबस’ हा शब्द पाहावा. सिसेरोच्या पत्रांत ग्रंथाच्या गुंडाळीस लावावयाच्या चर्मपत्राच्या नामपट्टीसाठी ‘सित्तिबा’ हा ग्रीकमधून आलेला शब्द होता. पंधराव्या शतकातील छापील आवृत्तीत त्याचे बहुवचनी रूप ‘सिलाबोस’ असे चुकीचे वाचले गेले. सतराव्या शतकात ‘सिलॅबस’ इंग्रजीत आला. नंतर विद्वानांनी ‘एकत्र घेणे’ या अर्थाच्या ग्रीक क्रियापदाशी त्याचे नाते जोडून दिले. आज मराठी विद्यार्थ्याच्या बोलण्यातही तो सहज येतो.

दोहोंचे मूळ चुकीचेच. ‘डॉर्ड’ कोणी वापरला नाही, म्हणून तो भूतशब्द राहिला. ‘सिलॅबस’ लोकांनी वापरला, म्हणून तो भाषेचा झाला. व्युत्पत्ती शब्दाचे कुळ सांगते. त्यास जीवन देतो तो लोकांचा प्रयोग. कोशकाराने हे दोन प्रश्न वेगळे ठेविले पाहिजेत. पूर्वीच्या कोशातील नोंद एवढाच ज्या शब्दास आधार असेल, त्याचा प्रत्यक्ष प्रयोग सापडेपर्यंत त्यास नव्या कोशात प्रवेश देऊ नये, हाच या भूतशब्दांचा धडा होय.