मीटर खरा बोलतो, पण लावला नीट तर!

बोटमालक आणि तांडेल मंडळींनो, ३१ जुलैला गोव्यातली बंदी संपते. मालिम असो की कुटबण, जेटीवर जाळी आणि इंजिनाची कामं उरकत आली असतील. आता बॅटरी आणि वायरिंगही तपासून घ्या. रात्री भर दर्यात व्हीएचएफ आणि दिवे बंद पडले तर हाक कोणाला मारणार?

मल्टीमीटर हल्ली बऱ्याच बोटींवर असतो. घोळ होतो तो लावताना. एका बोटीवर मालकाच्या मुलाने दिव्याचा करंट मोजला आणि लाल वायर १० अँपिअरच्या होलातच ठेवून मीटर थेट बॅटरीला लावला. फाटकन ठिणगी उडाली, वायरीचं टोक वितळलं. हात थोडक्यात वाचला.

असं का झालं?

🔴 व्होल्ट मोजताना काहीच सोडायचं नाही. काळी वायर कॉमच्या होलात, लाल व्होल्टच्या होलात. १२ व्होल्टच्या बॅटरीला डायल डीसी २० वर. लाल टोक प्लसला, काळं मायनसला. मीटर नावापुरताच करंट घेतो.

🔴 अँपिअर मोजताना स्विच बंद करून वायर एका जागी सोडायची आणि मीटर मध्ये जोडायचा. सगळा करंट त्याच्यातून जातो, म्हणून आत अडथळा जवळजवळ शून्य. असा मीटर बॅटरीच्या दोन टोकांना लावणं म्हणजे प्लस-मायनसवर पाना टाकणं! कित्येक स्वस्त मीटरांत या होलाला फ्यूजही नसतो. त्यात चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन गॅस निघतो, तो ठिणगीने पेटतो.

म्हणून करंट मोजून झाला की लाल वायर लगेच व्होल्टच्या होलात परत.

स्टार्टर शेकडो अँपिअर ओढतो. तिथे हा मीटर मध्ये घालूच नका. डीसी क्लॅम्प मीटर वापरा, तोही एकाच वायरीभोवती.

आकडे लक्षात ठेवा (१२ व्होल्टची बॅटरी):
👉 इंजिन बंद करून काही तासांनी १२.६ किंवा वर: फुल चार्ज. १२.२: निम्मी.
👉 इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४. आकडा १२.५ वरच अडला तर अल्टरनेटरची बाजू बघा.
👉 दिवे चालू ठेवून एक टोक बॅटरीच्या टर्मिनलवर, दुसरं त्याच टर्मिनलला घट्ट केलेल्या वायरीच्या टोकावर. आकडा शून्याजवळ हवा. अर्धा व्होल्ट दिसला तर खाऱ्या वाऱ्याने जोड खाल्लाय, घासून साफ करा.

घरातली पोरं बोटीवर हात लावत असतील तर त्यांनाही हे वाचून दाखवा.