मी लोन तोमो!

एखाद्या आजोबांसमोर "मी लोन तोमो" असं म्हणून बघा. ते लगेच चष्मा सावरत विचारतील, "कुठल्या बँकेचं रे?"

पण इथे बँक नाही आणि हप्तेही नाहीत. 'मी घरात आहे' एवढाच त्याचा अर्थ. ही भाषा आहे तोकी पोना. कॅनडातल्या सोन्या लांग यांनी ती स्वतः बनवली आणि 2001 मध्ये लोकांपुढे ठेवली. तिच्यात अक्षरं फक्त 14 आणि शब्द सुमारे 120. माणसानं बनवलेल्या भाषा त्याआधीही होत्याच. झामेनहॉफ नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी 1887 मध्ये एस्पेरांतो आणली, आणि गागोद्यात जन्मलेले आपले विनोबा भावे तीसुद्धा शिकले होते! दोन्ही भाषांत 'मी' म्हणजे मीच. आपल्याकडून नेलेला नाही बरं का हा शब्द.

इतक्या थोड्या शब्दांत 'कुठे' आणि 'कुणाचं' कसं सांगायचं?

'कुठे'साठी 'लोन' हा एकच शब्द पुरतो. मांजर, कुत्रा, गाय यांना सगळ्यांना मिळून 'सोवेली' म्हणतात. 'सोवेली ली लोन तोमो' म्हणजे मांजर घरात आहे. ('ली' कर्त्याच्या मागे लागतो, मात्र एकट्या 'मी'नंतर लागत नाही. 'मी'चे लाड सगळीकडेच!) मांजर घरामागे असेल तर? 'सोवेली ली लोन मोन्सी तोमो'. 'मोन्सी' म्हणजे पाठ. हसू नका, आपणही 'घराच्या पाठीमागे' म्हणतोच की. सिंहगडाच्या पायथ्याशी आपण पिठलं-भाकरी खातो आणि कात्रजच्या बोगद्याच्या तोंडाशी गाड्या तुंबतात. डोंगराला पाय, बोगद्याला तोंड! जागा सांगताना माणसं स्वतःचंच अंग वापरतात, मग भाषा जुनी असो की काल बनवलेली.

आता 'कुणाचं'. मालकाला वस्तूच्या मागे उभं करायचं: 'तोमो मी', माझं घर. सोपं वाटतं, पण शब्द तीन झाले की गोंधळ होतो. 'यान' म्हणजे माणूस, 'पोना' म्हणजे चांगला, आणि 'यान पोना' म्हणजे मित्र. मग 'तोमो यान पोना' म्हणजे मित्राचं घर? नाही! ते झालं 'माणसाचं चांगलं घर'. मित्राचं हवं असेल तर मध्ये 'पी' घालायचा: 'तोमो पी यान पोना'. 'पी' सांगतो, की पुढचे दोन शब्द आधी एकत्र वाचा.

'माझ्याकडे मांजर आहे' हे मात्र तोकी पोनात 'मी यो ए सोवेली' असं म्हणतात. 'यो' म्हणजे जवळ बाळगणं. या बाबतीत मला आपली मराठीच जास्त मजेदार वाटते. आपल्याकडे त्यासाठी वेगळं रोजचं क्रियापदच नाही, 'आहे'वरच सगळं भागतं. माझ्याकडे सायकल आहे. मला ताप आहे. मला दोन बहिणी आहेत. आता जरा अदलाबदल करा. 'माझ्याकडे दोन बहिणी आहेत' म्हटलं की वाटतं, मे महिन्याच्या सुट्टीत कुणाच्या तरी बहिणी राहायला आल्यात! आणि 'मला सायकल आहे' म्हणालात तर बाई लाल रेघ मारतील. कुठे 'मला' आणि कुठे 'माझ्याकडे' हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं, तरी चुकत नाही.

आता तुमची पाळी. 'मा तोमो' म्हणजे शहर. पुण्याचं नाव जोडायचं तर 'मा तोमो पुने' असं लिहावं लागेल, कारण त्या 14 अक्षरांत 'ण' नाही. (पुणेकरांना हे कोण समजावणार?) 'नेना' म्हणजे टेकडी. 'सेवी' म्हणजे वर, आणि पवित्र, देवाचं यालाही 'सेवी'च. आता हे वाचा:

'तोमो सेवी ली लोन सेवी नेना.'

पुण्यातलं ठिकाण ओळखा पाहू. पर्वती म्हणालात? बरोबर. शेजारची मुलगी चतुःशृंगी म्हणाली? तीही बरोबर. दोघींत फरक दाखवणारं वाक्य तेवढं तुम्हीच तयार करा.