डोंग्याच्या तळाला रंग कोणता?

वैनगंगा-प्राणहितेवरच्या लाकडी डोंग्याला समुद्री होडीचा तांबेयुक्त रंग लावू नका. तळाला चिकटणारे बार्नेकल आणि लाकूड पोखरणारा जहाजकिडा हे खाऱ्या पाण्याचे जीव. इथे धरते ते शेवाळ, आणि ते डोंगा काठावर ओढून घासले की निघते. तांबे मात्र पाण्यात झिरपते, मासळीला बाधते; त्याच मासळीवर ढिवर मच्छीमारांची घरे चालतात. इथला खरा त्रास ऊन-पाण्याचा: लाकूड फुगते, आकसते, फटी पडतात. तळ पूर्ण वाळवून तेल किंवा डांबर द्यावे.

कोकण-गोव्यात कायम पाण्यात उभ्या शिडाच्या बोटीला तांब्याचा रंग हवाच, फक्त अॅल्युमिनियमच्या तळाला नको. तांब्याच्या संपर्कात अॅल्युमिनियम गंजते. शंख-शिंपल्यांना घातक ठरलेल्या ट्रायब्युटिल टिनच्या रंगांवर २००८ पासून आंतरराष्ट्रीय बंदी आहे.