‘ह्या गाडीचे पार्टच येत नाहीत, भाऊ’

अंगणात ताडपत्रीखाली झाकलेली प्रीमियर पद्मिनी किंवा अ‍ॅम्बॅसेडर पुन्हा रस्त्यावर आणायची म्हटली की उमरेडमध्ये पहिलं वाक्य हेच कानावर पडतं. मिस्त्री म्हणतो, पार्टवाला म्हणतो आणि गाडी भंगाराच्या भावात मागायला आलेला दलाल तर फारच कळकळीनं म्हणतो. कंपनी बंद म्हणजे पार्ट बंद, असं हे गणित. ते अर्धंच खरं आहे.

पद्मिनीचं उत्पादन मुंबईच्या कुर्ल्यात 2001 च्या आसपास थांबलं, अ‍ॅम्बॅसेडरचं पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्यात 2014 मध्ये. पण गाडी बनवणारी कंपनी सगळे पार्ट स्वतः कधीच बनवत नव्हती. बेअरिंग, पिस्टन, स्टार्टर, ब्रेकचं सामान हे बहुतांशी दुसऱ्या कारखान्यांमधून यायचं आणि त्यातले बरेच कारखाने आजही चालू आहेत. शिवाय मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 पर्यंत धावत होत्या. टॅक्सीवाल्याला जे वारंवार लागतं, म्हणजे क्लच प्लेट, ब्रेक किट, वॉटर पंप, पॅकिंग, ते त्यामुळे बाजारात टिकून राहिलं. टॅक्सीवाल्यानं ज्याची कधी फिकीर केली नाही, ती क्रोमची पट्टी, काचेभोवतीची बीडिंग, मीटरचं घड्याळ, बॉनेटवरचं नाव, हेच आज मिळेनासं झालंय. इंजिन चालू करणं त्या मानानं सोपं, दाराचं अस्सल हँडल शोधणं कठीण. खर्चाचा अंदाज बांधताना लोक नेमकं उलटं धरतात.

दुसरी समजूत अशी की, ‘फियाटचं बेअरिंग’ फक्त फियाटवाल्याकडेच मिळतं. बेअरिंगला गाडीचं नाव नसतं, नंबर असतो. कडेवर 6205 कोरलेलं दिसलं, तर आतला व्यास 25, बाहेरचा 52 आणि जाडी 15 मिलिमीटर, मग ते बनवलेलं कुठलंही असो. पंपसेटच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या दुकानातही ते सापडेल. ऑइल सीलचंही तसंच. तिन्ही मापं नीट सांगितली तर काउंटरवरचा पोरगा गाडीचं नावही विचारणार नाही. म्हणून पुरवठादार शोधायच्या आधी एक व्हर्नियर कॅलिपर घ्या. आणि मिस्त्रीनं काढलेला जुना पार्ट, कितीही झिजलेला असला तरी, नवा बसून गाडी चालेपर्यंत फेकू देऊ नका. नंबर त्याच्यावर असतो आणि नंबर पुसला गेला असेल, तर माप तरी त्याच्यावरच घेता येतं.

मापात एक खोच आहे. अ‍ॅम्बॅसेडरचा वंश इंग्रजी मॉरिस ऑक्सफर्डचा, त्यामुळे तिचे बोल्ट इंचाचे. पद्मिनी इटालियन, ती मिलिमीटरवाली. 5/16 इंचाचा बोल्ट 7.94 मिलिमीटरचा असतो, म्हणजे 8 च्या बोल्टाशेजारी ठेवला तर डोळ्याला फरक कळत नाही. आटे मात्र वेगळे. जोर लावून बसवला की ब्लॉकमधले आटे जातात आणि खापर फुटतं पार्टवाल्यावर. ‘अ‍ॅम्बॅसेडर’ एवढंच सांगणंही पुरत नाही. 1489 सीसीचं पेट्रोल, डिझेल आणि नव्वदच्या दशकात आलेलं इसुझूचं 1800, अशी निराळी इंजिनं त्या एका नावाखाली आहेत. मॉडेल, साल आणि चेसिस नंबर न विचारता जो ‘हो, आहे, पाठवतो’ म्हणतो, त्याच्यापासून जपून राहावं. खरा जाणकार आधी फोटो मागतो, आणि नसेल तर नाही म्हणतो.

आता सगळ्यात घट्ट रुतलेली समजूत: जुन्या डब्यातला, कंपनीच्या वेष्टनातला, कधीच न वापरलेला माल म्हणजे सर्वोत्तम. धातूच्या बाबतीत हे बऱ्याच अंशी बरोबर. ग्रीस वाळलेलं नसेल, गंज चढला नसेल, तर तीस वर्षांपूर्वीचा गिअर आजही नवाच. रबराचं तसं नाही. रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतं. हवेतला ओझोन आणि उष्णता त्याला कडक करतात, तडे पाडतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो आणि गोदामं बहुधा टिनाची. तेव्हा 1988 सालचा सीलबंद ब्रेक होज कितीही ‘ओरिजिनल’ असला, तरी तो शोकेसमध्ये ठेवावा. ब्रेकचे वॉशर, होज, इंजिन माउंटिंग, फॅन बेल्ट हे अलीकडचंच घ्यावं. नाव थोडं कमी प्रसिद्ध असलं तरी चालेल.

पेट्रोलच्या पाइपचं कारण आणखी वेगळं. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. पद्मिनीच्या काळातले पाइप आणि फ्युएल पंपाचा पडदा त्यासाठी बनलेलेच नव्हते. ते फुगतात किंवा मऊ होऊन झिरपतात, आणि खाली तापलेलं इंजिन असतं. इथेनॉल सोसणारा पाइप मागून घ्या. जाता जाता मिस्त्रीमंडळींसाठी एक: ब्रेकचे रबर पेट्रोलमध्ये किंवा इंजिन ऑइलमध्ये धुवायची सवय सोडा. ते रबर ब्रेक ऑइलसाठीच असतं, खनिज तेलात फुगतं. चांगला किट दोन दिवसांत ‘डुप्लिकेट’ ठरतो तो पुष्कळदा ह्यामुळे.

टायरवर तारीख नसते असं समजणारेही भेटतात. असते. कडेवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे पाहा. 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा.

‘मायापुरीत जा, सगळं मिळेल’ हा सल्ला देणारे पुष्कळ. दिल्लीचं मायापुरी, मुंबईचं कुर्ला, चेन्नईचं पुदुपेट हे वापरलेल्या पार्टचे मोठे बाजार आहेत आणि तिथं खरोखर हाती काही लागतं. पण मेरठच्या सोतीगंजचं काय झालं हेही ठाऊक असावं. चोरीच्या गाड्या फोडून विकल्या जातात म्हणून पोलिसांनी 2021 च्या डिसेंबरात तो बाजार बंद पाडला. चोरीचा माल आहे असं मानायला कारण असूनही तो घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली गुन्हा आहे. दाराचं हँडल घेताना ही भीती फारशी नाही. इंजिन ब्लॉक घेताना आहे. इंजिन नंबर आरसी बुकात असतो. ब्लॉक बदलला की नागपूर ग्रामीण आरटीओत नोंद बदलून घ्यावी लागते, आणि तिथं बिल लागतं. ‘बिल नाही, पण माल एक नंबर’ ह्या वाक्याची किंमत त्या खिडकीवर कळते. खरं तर ब्लॉक बदलायची वेळही सहसा येत नाही. बोरिंग करून ओव्हरसाइज पिस्टन टाकता येतात, स्लीव्ह बसवता येते, आणि हिंगण्यापर्यंत गेलात तर ते काम करणारे सापडतात.

उमरेडला बसून परगावच्या माणसावर विश्वास कसा ठेवायचा, हा खरा प्रश्न. फोनवरचं गोड बोलणं आणि चकचकीत फोटो हा पुरावा नव्हे. जीएसटी नंबर मागा. तो 15 अक्षरांचा असतो आणि पहिले दोन आकडे राज्याचे: महाराष्ट्र 27, दिल्ली 07, तमिळनाडू 33, पश्चिम बंगाल 19. माणूस चेन्नईचा सांगतो आणि नंबर 07 ने सुरू होतो, तर विचारा. सरकारी जीएसटी पोर्टलवर तो टाकला की फर्मचं नाव, नोंदणीची तारीख आणि ती चालू आहे की रद्द, हे फुकट दिसतं. पैसे त्याच फर्मच्या खात्यावर जातायत ना, हे पाहा. पहिली ऑर्डर छोटी ठेवा, आणि पार्सल फोडताना मोबाइलवर शूटिंग करा. फसवणूक झालीच तर लगेच 1930 वर फोन. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यात सरकतात. आणि माल खराब निघाला तर दिल्लीला खेटे घालावे लागतील ही भीतीही जुनी झाली. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जिथं राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, म्हणजे आपल्यासाठी नागपुरात.

शेवटी ‘व्हीए’ पाटीबद्दल. 2021 च्या जुलैत केंद्रानं पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी विंटेज नोंदणी आणली. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. पाटी मिळाली की गाडीत काहीही बसवा, कोण विचारतो, असं काहींना वाटतं. उलट आहे. चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार केलेली गाडी ह्या नोंदणीत बसतच नाही, म्हणून मारुतीचं इंजिन टाकलेली 1974 ची पद्मिनी घेताना विचार करा. शिवाय विंटेज गाडी रोजच्या वापराला चालत नाही; रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर यावी असा नियम आहे. दर रविवारी घरच्यांना घेऊन नागपूरला जायचं असेल, तर साधी फेरनोंदणी बरी. ती पाच-पाच वर्षांची असते आणि प्रत्येक वेळी गाडी तपासणीला न्यावी लागते, तेव्हा ब्रेकची बिलं फाइलला लावून ठेवावीत.