दीड टनाचं घर
(लेखमाला ‘वर्दीमागचं घर’ : भाग 6)

आमच्या गल्लीत एका ओसरीवर पत्र्याची काळी पेटी आहे. झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव आणि युनिट. हुद्द्याच्या जागी रंगाचा थर जाड झालाय. जवळ वाकून पाहिलं, की ‘हवालदार’च्या खाली ‘नाईक’ दिसतं आणि त्याच्याही खाली पुसट ‘शिपाई’. हे घर सतरा वर्षांत पाच वेळा हललं. यंदा फिरोजपूरहून थेट मुरूमला आलं, कारण हवालदार भाऊंची पुढची पोस्टिंग फील्डला निघाली आणि तिथं कुटुंब नेता येत नाही.

मागच्या भागात फॅमिली क्वार्टरबद्दल लिहिलं होतं. ते वाचून वहिनींनी मला बोलावून घेतलं. “भावजी, क्वार्टरचं लिहिलंत ते बरं केलंत. पण सामान हलवायचं कसं, ते लिहा. खरा जीव तिथं जातो बघा.”

त्यांचं सामान दोन हजार किलोमीटर आलं आणि शेवटच्या दहा-बारा किलोमीटरला अडलं. ट्रकवाल्यानं वाटेत माल दुसऱ्या गाडीत भरला होता. ती गाडी हैदराबादच्या हमरस्त्यानं पुढं जाणारी. ड्रायव्हर येणेगूरला थांबला आणि आत मुरूमला यायला तयार होईना. शेवटी टेम्पो करून सामान घरी आणावं लागलं. शिलाई मशीनचं चाक तुटलं, धान्याची कोठी चेपली. पेटी मात्र जशीच्या तशी.

आता नियम काय सांगतो ते पाहू. सातव्या वेतन आयोगानंतरचे भत्ते 1 जुलै 2017 पासून लागू झाले. बदली झाल्यावर जवानाला दोन वेगळ्या रकमा मिळतात, आणि त्यांची गल्लत सर्रास होते. पहिली रक्कम एकत्रित बदली अनुदानाची, म्हणजे मूळ वेतनाच्या 80 टक्के. अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीपला जाताना किंवा तिथून येताना ती 100 टक्के असते. खोकी, गोणपाट, बांधाबांध, हमाली, नव्या जागेतला किरकोळ खर्च, सगळं यातच आलं. मूळ वेतन 40,400 रुपये असेल, तर हे अनुदान 32,320 रुपये होतं.

दुसरी रक्कम सामान वाहतुकीची. ती वेतनस्तरावर ठरते. शिपाई तिसऱ्या आणि नाईक चौथ्या स्तरावर. त्यांना 1,500 किलो सामानाची मुभा. हवालदार पाचव्या स्तरावर, त्यांना 3,000 किलो. नायब सुभेदार सहाव्या स्तरावर. तिथून वर अधिकाऱ्यांपर्यंत 6,000 किलो. रस्त्यानं सामान नेलं तर 2017 चे दर किलोमीटरमागे अनुक्रमे 15, 25 आणि 50 रुपये. ही वरची मर्यादा आहे. प्रत्यक्ष खर्च कमी झाला असेल तर तेवढाच मिळतो; जास्त झाला तर फरक जवानाच्या खिशातून. पाचव्या स्तरापर्यंत एक दुचाकी नेण्याचीही सोय आहे, कार फक्त सहाव्या स्तरापासून.

विठ्ठलसाई कारखान्याच्या काट्यावर उसाच्या गाड्यांचं वजन होताना ज्यांनी पाहिलंय, त्यांना दीड टन म्हणजे किती हे सांगायला नको. दोन लेकरांच्या संसाराचं सामान त्यात बसेलही. माझी तक्रार वजनाबद्दल नाहीच. ट्रक काही वजनाप्रमाणे लहान होत नाही. दीड टनासाठी आख्खी गाडी करायची तर भाडं आख्ख्या गाडीचं, आणि 2017 च्या दरानं हातात पडायचे किलोमीटरमागे 15 रुपये. मग नाईलाजानं सामान दुसऱ्यांच्या मालात घालून पाठवावं लागतं. ते वाटेत दोनदा उतरतं, दोनदा चढतं आणि शेवटी आडवळणाच्या गावाच्या फाट्यावर टाकलं जातं. सर्वात कमी दर सर्वात खालच्या हुद्द्याला, आणि आमच्या भागातली बहुतेक पोरं त्याच हुद्द्यावर भरती झालेली. अधिकाऱ्याच्या सामानाला सबंध ट्रक मिळतो आणि तो दारापर्यंत येतो. शिपायाच्या बायकोनं फाट्यावर उन्हात टेम्पो शोधत उभं राहावं, हे मला पटत नाही.

दर कमी ठेवले की गाडी येत नाही, हे अमेरिकेसारख्या श्रीमंत देशाच्या फौजेनंही अनुभवलं. तिथं जवानाचं घर हलवण्याचं काम पूर्वी अनेक वाहतूकदारांत वाटलेलं होतं. 2021 मध्ये ते सगळं होमसेफ अलायन्स या एकाच ठेकेदाराकडं सोपवायचं ठरलं आणि 2024 पासून घरं हलू लागली. मिळणारे दर परवडेनात म्हणून कित्येक छोट्या वाहतूकदारांनी काम घेतलंच नाही. ठरल्या दिवशी ट्रक न आल्यानं कुटुंबं रिकाम्या घरात बसून राहिली. शेवटी जून 2025 मध्ये सरकारनं तो ठेका रद्द केला आणि जुनी पद्धत परत आणली. त्याआधी मे महिन्यात आणखी एक गोष्ट केली होती : जो जवान आपलं सामान स्वतः हलवेल, त्याला सरकारी खर्चाच्या अंदाजाच्या 130 टक्क्यांपर्यंत मोबदला काही महिन्यांसाठी देऊ केला. आपल्याकडं पद्धत वेगळी आहे. जवान आधीच स्वतः ट्रक ठरवतो, बिल लावतो आणि पैसे परत घेतो. म्हणून आपल्याकडं सगळं दरावर येऊन थांबतं.

आणि इथंच अनेक घरांना माहीत नसलेली गोष्ट आहे. 2017 च्या आदेशातच तरतूद आहे, की महागाई भत्ता 50 टक्क्यांनी वाढला की रस्ता वाहतुकीचे हे दर 25 टक्क्यांनी वाढतील. महागाई भत्ता 1 जानेवारी 2024 पासून 50 टक्के झाला. त्या हिशेबानं 15 चे 18 रुपये 75 पैसे होतात, 25 चे 31 रुपये 25 पैसे आणि 50 चे साडेबासष्ट. दोन हजार किलोमीटरला शिपायाची मर्यादा 30,000 वरून 37,500 वर जाते, हवालदाराची 50,000 वरून 62,500 वर.

वाढ झाली हे चांगलंच. पण शिपाई आणि अधिकारी यांच्या दरांतलं प्रमाण तिनं जसंच्या तसं ठेवलं. ते बदलायची संधी आता आहे. आठव्या वेतन आयोगाच्या कार्यकक्षेला ऑक्टोबर 2025 मध्ये मंजुरी मिळाली. न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई त्याच्या अध्यक्ष आहेत, आणि सैन्यदलांचं वेतन आणि भत्ते त्याच्या कक्षेत येतात. अहवालासाठी 18 महिन्यांची मुदत आहे. खालच्या हुद्द्यांना किमान एका छोट्या ट्रकचं पूर्ण भाडं निघेल असा दर मिळावा, ही मागणी माजी सैनिकांच्या संघटनांनी आत्ताच लेखी मांडावी. धाराशिवच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कामानिमित्त जाणाऱ्यांनी हा विषय तिथंही काढावा.

तोवर हातातलं तरी सोडू नका. सामान भरताना यादी करा, प्रत्येक नगाला नंबर द्या, मोबाइलवर फोटो काढून ठेवा. बिल्टीवर पोचवण्याचं ठिकाण ‘मुरूम, ता. उमरगा’ असं स्पष्ट लिहून घ्या. नुसतं ‘सोलापूर’ किंवा ‘उमरगा’ चालवून घेऊ नका. पक्कं जीएसटी बिल घ्या आणि पैसे खात्यातून द्या. स्वस्तात ‘नुसतं बिल’ विकणारे भेटतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. न हललेल्या सामानाचं बिल लावणं हा गुन्हा आहे, आणि त्यात नोकरी जाऊ शकते. बदलीचा क्लेम 60 दिवसांच्या आत द्यायचा असतो. निवृत्तीच्या वेळी ही मुदत 180 दिवस आहे.

वहिनींकडं फॉर्मची कच्ची प्रत होती. भाऊंनी जुन्या तक्त्यावरून हिशेब मांडला होता : अंतर गुणिले 25. साठ दिवसांतले एक्केचाळीस उलटून गेलेले. मी वहिनींना वाढलेला दर दाखवला. त्यांनी पेटीवरच कागद ठेवून गुणाकार पुन्हा केला, एकदा माझ्यासमोर आणि एकदा लेकीकडून करवून घेतला, आणि लगेच फोन लावला. पलीकडं रेंज नव्हती. फॉर्मच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं 31.25 लिहून त्यांनी तो पेटीत ठेवला, रात्री फोन लागला की सांगायला.