चयापचयजांचे द्रव्यमान-मापन
सजीवांच्या पेशींतील चयापचयात (सतत चालणाऱ्या रासायनिक घडामोडींत) निर्माण होणारी वा खर्ची पडणारी शर्करा, अम्ले, ॲमिनो अम्ले, रंगद्रव्ये इ. लहान रेणूंना चयापचयज म्हणतात. एखाद्या नमुन्यातील अशा शेकडो पदार्थांची ओळख व प्रमाण एकत्रितपणे ठरविण्याच्या शास्त्राला मेटाबोलोमिक्स असे नाव आहे. यासाठी मुख्यत्वे द्रव्यमान वर्णपटमापक वापरतात.

जे. जे. टॉमसन यांनी १९१३ मध्ये निऑनचे दोन समस्थानिक (अणुक्रमांक तोच पण अणुभार भिन्न असलेले प्रकार) ओळखले व एफ्. डब्ल्यू. ॲस्टन यांनी १९१९ मध्ये अधिक अचूक उपकरण तयार केले. जे. बी. फेन यांच्या विद्युत् फवारा आयनीकरणाने (२००२ चे नोबेल पारितोषिक) नाजूक जैव रेणू अखंड स्वरूपात मोजता येऊ लागले.

अचूकता आणि विभेदनक्षमता : ग्लुकोजाचे द्रव्यमान १८०·०६३४, तर कोकोतील थिओब्रोमिनाचे १८०·०६४७ एकक आहे. हा फरक दहा लक्ष भागांत सु. ७ भाग इतकाच भरतो. त्यामुळे दशलक्षात १० भागांची चूक करणारे उपकरण त्यांचे रेणुसूत्र निश्चित करू शकत नाही. १ भागाची चूक करणारे करू शकते. दोन्ही पदार्थ एकाच वेळी उपकरणात आल्यास मात्र त्यांची शिखरे अलग दिसण्यासाठी सु. १,३५,००० इतकी विभेदनक्षमता लागते. याउलट ग्लुकोज व फ्रुक्टोज हे समघटक असून त्यांचे रेणुसूत्र एकच आहे; द्रव्यमान कितीही अचूक मोजले, तरी त्यावरून ते वेगळे ओळखता येत नाहीत. तेथे वर्णलेखनाने त्यांना आधी अलग करावे लागते.

चुकीची कारणे व उपाय : उड्डाणकाल उपकरणात आयनाला नळी पार करण्यास लागणारा काळ मोजतात, द्रव्यमान या काळाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. पोलादी नळी १° से. ने तापल्यास दशलक्षात सु. १७ भाग लांबते व द्रव्यमानात सु. ३४ भागांची चूक येते. म्हणून खोलीचे तापमान स्थिर राखतात व द्रव्यमान आधीच माहीत असलेला पदार्थ नमुन्याबरोबरच सोडून मोजपट्टी सतत सुधारतात. सापळा-उपकरणात आयनांची गर्दी झाल्यास ते परस्परांना दूर लोटतात व त्यांची कंप्रता बदलते. त्यामुळे सापळ्यात घ्यावयाच्या आयनांची संख्या मर्यादित ठेवतात. हिशेबात इलेक्ट्रॉनाचे द्रव्यमान (०·०००५५ एकक) विसरल्यास १८० च्या आसपास दशलक्षात ३ भागांची चूक होते.

प्रमाण ठरविताना निराळी अडचण येते. नमुन्यातील इतर विपुल पदार्थ इष्ट पदार्थाचे आयनीकरण दडपतात. यावर उपाय म्हणून कार्बन–१३ सारखे जड समस्थानिक असलेले त्याच पदार्थाचे रेणू ज्ञात प्रमाणात मिसळतात. दोहोंचे आयनीकरण सारखेच दडपले जात असल्याने त्यांच्या गुणोत्तरावरून खरे प्रमाण काढता येते. तसेच सर्व नमुन्यांचे थोडे थोडे अंश एकत्र करून केलेले मिश्रण ठराविक अंतराने तपासतात. त्यावरून उपकरणाच्या प्रतिसादात पडलेला फरक कळतो.

नासिकच्या द्राक्षांचे उदाहरण : या अचूकतेचे व्यावहारिक महत्त्व द्राक्षांच्या निर्यातीत दिसते. वेलीची वाढ आवरण्यासाठी वापरण्यात येणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइडाचा अवशेष २०१० मध्ये भारतीय द्राक्षांत युरोपीय संघाच्या मर्यादेपेक्षा (किलोग्रॅममागे ०·०५ मिग्रॅ.) अधिक आढळला. नासिक जिल्हा हे या निर्यातीचे प्रमुख केंद्र असल्याने तेथील बागाईतदारांना व निर्यातदारांना मोठी झळ पोहोचली. त्यावेळी निर्यातपूर्व तपासणीच्या यादीत हा पदार्थ नव्हता. त्यानंतर त्याची तपासणी सुरू झाली. पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या (स्थापना १९९७) प्रयोगशाळेकडे निर्यातीच्या द्राक्षांतील अवशेष-तपासणीच्या देखरेखीचे काम सोपविलेले होते.

वरील मर्यादा म्हणजे दोन कोटी भागांत एक भाग होय. किलोभर पक्व द्राक्षांत सु. १८० ग्रॅ. शर्करा असते, म्हणजे अवशेषाच्या सु. ३६ लाख पट. इतक्या शर्करेच्या सान्निध्यात १२२·०७३१ द्रव्यमानाचा तो आयन अचूक मोजावा लागतो. ठराविक पदार्थांचाच शोध घेणाऱ्या पद्धतीला यादीबाहेरचा पदार्थ दिसत नाही. सर्व आयनांचे अचूक द्रव्यमान नोंदवून ठेवल्यास मात्र जुन्या नोंदीत नव्या पदार्थाचा शोध मागाहूनही घेता येतो. परंतु क्लोरमेक्वाट जलस्नेही असल्याने काही नेहमीच्या विद्रावकांत तो नीट उतरत नाही. जो पदार्थ निष्कर्षात आलाच नाही, त्याची नोंद कोणतेही उपकरण करू शकत नाही. यास्तव मापनाच्या अचूकतेत नमुन्याच्या पूर्वतयारीला उपकरणाइतकेच महत्त्व आहे.